गव्हाणीतले प्रायश्चित्त

पंचमहायज्ञांपैकी भूतयज्ञाचा शिरस्ता ज्या घरांतून अद्याप सर्वस्वी मोडला नाही, त्या घरांतून दुपारच्या पंक्तीआधी पानाच्या एका कोपऱ्यावर भाताचा लहानसा वाटा काढून ठेवलेला दिसतो, आणि तो गाईच्या मुखी गेल्याखेरीज यजमान पाटावर बसत नाही. या वाट्याचे माप काय असावे, याची चौकशी आज सहसा कोणी करीत नाही. परंतु चांद्रायण व्रतातील घासांचे प्रमाण सांगताना याज्ञवल्क्यस्मृतीने मोराच्या अंड्याचा दाखला दिला आहे, आणि गोग्रास म्हणजे तेवढाच एखादा घास अशी समजूत धरली, तर तीन-चारशे किलो वजनाच्या जनावराला त्यापासून ना पोषण घडते ना अपाय. गाईचे पोट भरणे हा त्या विधीचा हेतूच नव्हता. स्वतःच्या ताटाकडे जाणारा हात क्षणभर आवरावा आणि या अन्नावर आपल्याआधी आणखी कोणाचा तरी हक्क आहे याचे भान राखावे, एवढ्यापुरतीच त्याची मर्यादा होती. विधी दात्याच्या मनासाठी होता, म्हणून त्याचे फलही दात्याच्या मनावरच मोजले जाई. अडचण उत्पन्न झाली ती घासाची टोपली झाली तेव्हा. आज मुंबईत देवळाच्या कोपऱ्यावर गाय बांधून बसलेल्या बाईपाशी गवताच्या पेंढ्या आणि पिठाचे लाडू विकत मिळतात, सकाळपासून सायंकाळपर्यंत येणारा प्रत्येक भाविक आपापल्या नावाचा लाडू त्या एकाच मुखात घालून नमस्कार करतो, आणि आपल्याआधी किती जणांनी तेच पुण्य त्याच पोटात जमा केले आहे, याची खातरजमा करण्याचे कोणाच्याही मनात येत नाही.

अन्नदानाचे पुण्यापुण्य दात्याच्या भावावरून ठरवावे, की ज्याच्या पोटात ते अन्न जाते त्याच्या पोटावरून, असा हा प्रश्न आहे. माणसाच्या बाबतीत तो फारसा बिकट होत नाही, कारण पुरे झाले की माणूस पानावर आडवा हात धरतो. जनावराला ती सोय नाही. रानात चरताना तंतुमय चाऱ्याने पोट गच्च भरले की त्याचे खाणे आपोआप थांबते. पण दाणा, पीठ, गूळ असे पदार्थ त्याच्या जातीला निसर्गाने इतक्या मुबलक प्रमाणात कधी दिलेच नव्हते, म्हणून त्यांच्यापुढे थांबण्याची बुद्धीही त्याला दिलेली नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी एका गोठ्यात पशुवैद्याबरोबर उभे राहण्याचा प्रसंग मला आला होता. बैल मान खाली घालून उभा होता. शिंगांचा हिंगूळ आणि पाठीवरची झूल तशीच होती, डोळे मात्र खोल गेले होते, नाकपुडी कोरडी पडली होती आणि मागे पडलेले शेण पाण्यासारखे पातळ, आंबूस वासाचे, त्यात हरभऱ्याच्या डाळीचे न पचलेले तुकडे. डॉक्टरांनी डाव्या भकाळीत मूठ दाबून धरली आणि दुसऱ्या हातातल्या घड्याळाकडे पाहत ते उभे राहिले. निरोगी जनावराच्या पोटाची लाट मिनिटाला एक-दोन वेळा त्या मुठीला वर ढकलते. येथे मूठ जिथल्या तिथे राहिली, आणि पोट हलवले तेव्हा आत नुसते पाणी डुचमळल्याचा आवाज आला. "पोळ्या किती खाल्ल्या?" डॉक्टरांनी विचारले. "मोजल्या न्हाईत साहेब," मालक म्हणाला, "घरोघर ओवाळलं, परत्येक माउलीनं एक-एक घातली. सणाच्या दिवशी न्हाई कसं म्हनायचं?" त्या माणसाच्या प्रेमाविषयी शंका घेण्यास तिळमात्र जागा नव्हती, तो रात्रभर बैलाशेजारी बसून होता. डॉक्टरांनी खाण्याचा सोडा पाण्यात कालवून नळीने पोटात सोडला, शिरेतून सलाईन लावले, आणि मग शेजारच्या दावणीतील एका सुदृढ गाईच्या पोटातले हिरवट, कोमट पाणी नळीनेच काढून या बैलाच्या पोटात घातले. सोड्याचे प्रयोजन मालकाला कळले. या शेवटच्या उपचाराने मात्र तो चकित झाला, आणि खरे पाहता या साऱ्या विषयाचे मर्म त्याच उपचारात आहे.

गाईबैलांच्या पोटाचे चार कप्पे आपल्या शेतकऱ्यांना त्यांच्या मराठी नावांनिशी ठाऊक असतात: कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरे पोट. यांपैकी कोटीपोट सर्वांत मोठे; भरदार गाईत त्याची धारणा शंभर लिटरांहूनही अधिक असते. गवतातील तंतू पचविणारे पाचकद्रव्य गाईच्या स्वतःच्या शरीरात मुळीच तयार होत नाही. ते काम कोटीपोटात नांदणारे जीवाणू, आदिजीव आणि बुरश्या करतात. तेथील एका थेंबात जीवाणूंची संख्या अब्जावधींत जाते, आणि त्यांतील आदिजीव सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम पाहिले ते ग्रुबी आणि देलाफाँ या दोघांनी, फ्रान्समध्ये, १८४३ साली. जुन्या महसुली भाषेत बोलायचे तर गाय ही जमीनदार आणि ही सूक्ष्म वस्ती तिची कुळे: जमीनदार जागा, ऊब, पाणी आणि वैरण पुरवितो, लाळेवाटे दिवसाकाठी शंभर-शंभर लिटर क्षारयुक्त पाणी सोडून जमिनीचा कस राखतो, आणि कुळे तंतू कुजवून जी मेदाम्ले उत्पन्न करतात त्यांचा सारा वसूल करतो. गाईच्या एकंदर ऊर्जेचा सुमारे सत्तर टक्के भाग या साऱ्यातूनच येतो. पण जमीनदार एवढ्यावर थांबत नाही. कोटीपोटातून पुढे वाहत गेलेली कुळेच्या कुळे खऱ्या पोटात पोचली की तेथील अम्ल आणि जीवाणूंची भित्ती फोडणारे एक विशेष पाचकद्रव्य त्यांचा फडशा पाडते, आणि गाईच्या आतड्यात पोचणाऱ्या प्रथिनांपैकी निम्म्याहून अधिक बहुधा याच मार्गाने येतात.

म्हणजे गाय गवत खाते हे विधान व्यवहारापुरते खरे, आणि परमार्थाने खोटे. गवत खातात ते सूक्ष्मजीव. गाय खाते ती त्या सूक्ष्मजीवांना. शाकाहाराचे जे जिवंत प्रतीक आपण दारात बांधले, त्याच्याही देहात अहोरात्र अगणित जीवांची आहुती पडत असते. ही गोष्ट सांगताना सूक्ष्मजंतूंचे शास्त्र आमच्या पूर्वजांना अवगत होते असे म्हणत छाती फुगविणाऱ्यांच्या पंक्तीत जाऊन बसण्याची माझी इच्छा नाही. जैन तत्त्वज्ञांनी निगोदाची कल्पना केली, एका शरीरात अनंत जीव सामाईक राहतात असे मानले, ही त्यांच्या तर्काची झेप खरी, पण तर्क आणि सूक्ष्मदर्शक यांच्यात भेद आहे आणि तो भेद राखण्यातच दोहोंचा मान आहे. तरीही एवढे म्हणावयास हरकत नाही की, या प्रश्नाला लागणारी वैचारिक साधने आपल्या परंपरेत तयार होती. नैयायिकांच्या मते अवयवांहून भिन्न असा एक अवयवी असतो आणि गाय हा तसा अवयवी. बौद्धांच्या मते असा अवयवी कोठे सापडत नाही, नागसेनाने मिलिंद राजाला रथाच्या दृष्टांताने सांगितल्याप्रमाणे जे आहे ते केवळ संघात. कोटीपोटापाशी उभे राहिले म्हणजे मला बौद्धांचा पक्ष अधिक सबळ वाटतो. गीतेच्या पंधराव्या अध्यायात ईश्वर वैश्वानर होऊन प्राणिमात्रांच्या देहात राहतो आणि चतुर्विध अन्न पचवितो असे प्रतिपादन आहे, आणि ज्ञानेश्वरांनी तेथे शेगडी आणि प्राणापानांचा भाता कल्पून त्या प्रतिपादनाला रूप दिले आहे. वैश्वानर माणसाच्याच देहात राहतो असे तेथे कोठेही म्हटलेले नाही. जेवणाआधी प्राणाहुती घेऊन आपल्या जठरातील अग्नीला वंदन करणारा गृहस्थ गाईच्या जठरातील तोच अग्नी आपल्या पुरणपोळीने विझवितो, तेव्हा त्याने नेमके कोणाचे पूजन केले आणि कोणाचा अपराध केला?

अग्नी विझतो तो असा. पुरणातली डाळ, पोळीचे पीठ आणि गूळ हे पदार्थ तंतूंसारखे सावकाश कुजत नाहीत. ते हाती लागताच काही ठराविक जीवाणू भराभर वाढतात आणि दुग्धाम्लाचा पूर येतो. आम्लता वाढली की तंतू पचविणारी सावकाश कामाची वस्ती मरू लागते, आम्ल सहन करणारी दुसरी वस्ती तिची जागा घेऊन आणखी दुग्धाम्ल करते, अंगातले पाणी पोटाकडे ओढले जाते, मेलेल्या जीवाणूंची विषे रक्तात उतरतात, आणि वेळीच उपाय न झाल्यास जनावर एक-दोन दिवसांत दगावते. डॉक्टरांनी शेजारच्या गाईच्या पोटातले पाणी घातले ते यासाठी की, परागंदा झालेल्या वस्तीच्या जागी नवी वस्ती वसवावी. निरोगी जनावराच्या तोंडातला रवंथाचा गोळा काढून आजारी जनावराला चारण्याची युक्ती जुन्या गुराख्यांना ठाऊक होती, तिचेच हे शास्त्रशुद्ध रूप.

गाय कोण, या प्रश्नावर आपल्याकडे गेल्या शतकात पुष्कळ शाई खर्ची पडली. सावरकरांनी ती उपयुक्त पशू आहे, देवता नव्हे, असे रोखठोक सांगून गोपूजनाऐवजी गोपालनाचा पुरस्कार केला. गांधींनी तिच्यात मूक सृष्टीचे प्रतिनिधित्व पाहिले, परंतु केवळ भक्तीने तिचे भागत नाही हे ओळखून १९२७ साली बंगलोरच्या सरकारी दुग्धसंस्थेत गुरांच्या निगेचे धडेही घेतले. दोघांचे भांडण जेवढे मोठे समजले जाते तेवढे गोठ्यात उरत नाही, असे मला वाटते. गाय देवता असो की पशू, तिच्या कोटीपोटाला या निर्णयाचे सोयरसुतक नाही.

आता धर्मशास्त्राकडे वळू. आपस्तंबाच्या नावे चालणाऱ्या पद्यस्मृतीत गोवधाच्या प्रायश्चित्ताचा विचार करताना एक मोठा मार्मिक प्रसंग घेतला आहे. जनावराच्या हिताकरिता औषध, मीठ, तेल-तूप किंवा पौष्टिक अन्न दिले आणि ते जनावर दगावले, तर देणारा दोषी होतो काय? स्मृतिकार प्रथम मुभा देतो: प्राणरक्षणाच्या हेतूने दिले असेल तर प्रायश्चित्त नाही. पण लगेच पुढे तो ती मुभा आवरून धरतो: प्रमाणाबाहेर देऊ नये, योग्य वेळी थोडके द्यावे, आणि अतिरेकाने जनावर मेले तर प्रायश्चित्त आहेच. दात्याचा भाव शुद्ध असणे पुरेसे नाही, हे एवढ्या नेमकेपणाने सांगणारे वचन अन्नदानाच्या स्तुतीने भरलेल्या आपल्या वाङ्मयात विरळा. मला ते एखाद्या अनुभवी गोपालकाच्या तोंडचे वाटते. कौटिल्याच्या गोध्यक्ष-प्रकरणातही बैलांच्या रोजच्या रतिबात गवत, पेंड, कोंडा यांच्याबरोबर मीठ, नाकात घालण्याचे तेल, गूळ आणि आले यांची मोजमापे लिहून ठेवली आहेत. आजच्या भाषेत ज्याला नैसर्गिक खाद्यपूरक म्हणतात, त्याची ही चांगलीच जुनी यादी, आणि तीत प्रत्येक पदार्थापुढे आकडा आहे.

ओवा, सुंठ, हिंग, हळद, मेथी, लसूण, शतावरी, हिरडा ही नावे आपल्या गोठ्यांना नवी नाहीत. व्यालेल्या म्हशीला गूळ घालून शिजवलेली बाजरी, पोटफुगीला गोडेतेलात कालवलेला हिंग, दूध वाढावे म्हणून शतावरी, हा सारा कारभार स्वयंपाकघर आणि गोठा यांच्यामध्ये पूर्वापार चालत आला आहे. पण आज हेच पदार्थ चकचकीत पिशव्यांतून, पचनशक्ती आणि दुग्धवाढ यांची हमी देत बाजारात आले आहेत, ते एका निराळ्याच इतिहासाची शेपटी धरून. १९४० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ली प्रयोगशाळेत ज्यूक्स आणि स्टोकस्टॅड हे संशोधक कोंबड्यांच्या पिलांना ब-१२ जीवनसत्त्वाचा स्वस्त पुरवठा व्हावा म्हणून ऑरिओमायसिन या प्रतिजैविकाच्या निर्मितीतून उरलेला चोथा खाऊ घालीत होते. पिले जीवनसत्त्वाच्या हिशेबापेक्षाही जलद वाढली, आणि चोथ्यात राहिलेले प्रतिजैविकच त्याला कारणीभूत असल्याचे दिसून आले. आजार नसलेल्या जनावराला रोज औषधाची अल्पशी मात्रा द्यावी आणि त्याने मांस लवकर भरावे, ही प्रथा तेथून जगभर पसरली. १९६९ साली ब्रिटनमधील स्वान समितीने तिच्या धोक्याची जाणीव दिली, १९८६ साली स्वीडनने ती बंद केली, १ जानेवारी २००६ पासून युरोपीय संघाने वाढीसाठी प्रतिजैविके देण्यास सर्वत्र मनाई केली, आणि आपल्याकडे २०१९ साली कोलिस्टिन या अखेरच्या उपायाच्या औषधाचा पशुखाद्यातील वापर सरकारी हुकुमाने थांबला. कारण उघड होते: थोड्या थोड्या मात्रेने न मरणारे जंतूच मागे उरतात, आणि ते पुढे माणसाच्या आजारातही औषधाला दाद देत नाहीत. ही रिकामी जागा भरून काढण्यासाठी ओवा आणि दालचिनी पुढे आली.

येथे अहिंसावादी मनाला एक सुखद भ्रम होतो. प्रतिजैविक हे कृत्रिम, म्हणून हिंसक. ओवा हा नैसर्गिक, म्हणून सौम्य आणि सात्त्विक. वस्तुस्थिती अशी आहे की, ओव्यातले थायमॉल, दालचिनीतले आणि लवंगेतले तेल, लसणातले उग्र द्रव्य ही त्या त्या वनस्पतींची आत्मरक्षणाची शस्त्रे आहेत, आणि कोटीपोटात गेल्यावर ती शस्त्रांचेच काम करतात: काही जीवाणू मारतात, काहींना दुबळे करतात. बाभळीच्या शेंगेतले आणि हिरड्यातले तुरट द्रव्य प्रथिनांना बांधून ठेवून कोटीपोटापलीकडे पोचविते. रिठ्यातले फेसाळ द्रव्य आदिजीवांचा संहार करते. मात्रा नेमकी साधली तर यांतून जनावराचे हित होते, मात्रा चढली तर तंतू पचविणारेच प्रथम मरतात, आणि मात्रा रोज तीच राहिली तर काही आठवड्यांत ती वस्ती तिला सरावून जाते आणि गुण ओसरतो. उलट ऑरिओमायसिन तरी कोणी निर्माण केले? मातीतल्या एका सूक्ष्मजीवाने. निसर्ग हा धर्माचा दाखला होऊ शकत नाही. धोतरा आणि कण्हेर हीही निसर्गाचीच अपत्ये. आयुर्वेदाचे नाव घेऊन माल खपविणाऱ्यांनी नैसर्गिक या एका शब्दावर नीतीचा सारा भार टाकला आहे, आणि तो भार पेलण्याची ताकद त्या शब्दात नाही.

मग भेद कोठे करावा? माझ्या मते तो प्रायश्चित्ताच्या विचारात सापडतो. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापातून सुटण्याची जी अंगे सांगितली आहेत, त्यांत अनुताप आहे आणि पुन्हा तसे न करण्याचा निश्चयही आहे. निवृत्ती नसेल तर उपास आणि दाने हा नुसता देखावा. एखाद्या प्रसंगी अपचन झाले, वैरण बदलली, जनावर व्याले, दुष्काळात कसेबसे काढले, आणि त्या विवंचनेतून त्याला सावरण्यासाठी ओवा, सुंठ, जिवंत यीस्ट किंवा मिठाचा खडा दिला, तर ते औषध आहे आणि त्यात दोष काढण्यासारखे काही नाही. परंतु रोजच्या आंबोणात भरडा आणि सरकी पेंड एवढी वाढवायची की कोटीपोट सतत आम्लतेच्या काठावर राहावे, आणि ते काठावरून खाली पडू नये म्हणून त्याच आंबोणात सोडा आणि पाचक चूर्ण कालवायचे, ही गोष्ट निराळी आहे. येथे पाप आणि प्रायश्चित्त एकाच घमेल्यात कालवले जाते. चूर्णामुळे जनावर बरे होत नाही. चूर्णामुळे ते अयोग्य आहार अधिक दिवस सोसू शकते, एवढेच. आणि पूरक जितके गुणकारी, तितका अयोग्य आहार पुढे रेटण्यास मालकाला धीर येतो. या अर्थाने उत्तम पूरक हे निकृष्ट पूरकापेक्षा नैतिकदृष्ट्या अधिक जोखमीचे.

हे लिहिताना शेतकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा माझा मानस नाही. दोन-तीन संकरित गाईंवर ज्याचे घर चालते, ज्याच्या दुधाचा भाव संकलन केंद्रावर फॅट, स्निग्धेतर घनांश आणि लिटर या आकड्यांनी ठरतो आणि ज्याची गायराने केव्हाच अतिक्रमणात गेली, त्याला गवत घाल म्हणणे सोपे आहे. सांगली-कोल्हापूर-नगरकडे ऊस तोडणीच्या दिवसांत वाढ्यांवर जनावरे पोसली जातात. वाढ्यातले ऑक्झलेट शरीरातला चुना बांधून टाकते हे शेतकऱ्याला अनुभवाने कळते, म्हणून तो चुन्याची निवळी पाजतो. हाही घमेल्यातच केलेला उपचार. पण तो त्याच्या हावेतून आलेला नसून त्याच्या निरुपायातून आलेला आहे, आणि निरुपायाला स्मृतिकारांनी आपद्धर्म म्हणून निराळी जागा ठेवली आहे. खरी हाव जर कोठे शोधायची असेल, तर स्वस्त दुधाची पिशवी रोज दारात पडलीच पाहिजे असा हट्ट धरणाऱ्या आपल्या शहरी घरांतही ती शोधावी लागेल. शिवाय निसर्ग येथे स्वतःच एक मजेदार हिशेब चुकता करतो: तंतू कमी आणि दाणा फार झाला की दुधातला स्निग्धांश घसरतो, कारण त्याचा मोठा भाग तंतूंच्या कुजण्यातूनच घडतो, आणि ज्या फॅटच्या आकड्यासाठी एवढी तसदी घेतली तोच आकडा खाली येतो.

पूरकाचे श्रेय कोणाचे, हा प्रश्नही वाटतो तितका सोपा नाही. उरुळीकांचनला १९४६ साली गांधींबरोबर आलेले मणिभाई देसाई तेथेच राहिले, १९६७ साली त्यांनी ‘बाएफ’ संस्था काढली, आणि त्या संस्थेने सुबाभळीचा चारा म्हणून मोठा प्रसार केला. सुबाभळीच्या पाल्यात प्रथिने विपुल, पण मिमोसिन नावाचे विषही. ऑस्ट्रेलियात त्या पाल्यावर चरणाऱ्या गुरांचे केस गळत, गलग्रंथी सुजत. हवाई बेटांतल्या शेळ्या मात्र तोच पाला खुशाल खात. रेमंड जोन्स या संशोधकाने शोध घेतला तेव्हा असे आढळले की, गुण शेळीत नसून शेळीच्या कोटीपोटातल्या एका जीवाणूत आहे; ती वस्ती ऑस्ट्रेलियातल्या गुरांच्या पोटात घातली आणि विष निष्प्रभ झाले. त्या जीवाणूला पुढे जोन्स यांचेच नाव मिळाले. येथे आहार बदलला नाही, विषावर उतारा कालवला नाही. ज्यांना तो आहार पचतो अशी वस्ती वसविली. सगळ्या खाद्यपूरकांत मला हे सर्वांत धर्म्य वाटते, कारण यात जनावराच्या पोटाला फसविलेले नाही.

ही वस्ती जनावराला मुळात मिळते कोठून? वासरू जन्मते तेव्हा त्याचे कोटीपोट इवलेसे आणि जवळजवळ ओसाड असते. आई त्याला चाटते, ते तिच्या तोंडाशी तोंड नेते, गोठ्यातले गवत चघळते, आणि या मार्गाने एकेक जात त्याच्या पोटात येऊन स्थिरावते. आदिजीव तर मोठ्या जनावराच्या लाळेचा संपर्क झाल्याखेरीज येतच नाहीत, आणि जन्मापासून एकटे वाढविलेले वासरू त्यांच्यावाचूनच मोठे होते. पण या वस्तीच्याही आधी त्याला हवा असतो चीक. गाईची प्रतिकारद्रव्ये गर्भात वासरापर्यंत पोचत नाहीत, ती चिकातून येतात, आणि वासराच्या आतड्याची ती आत घेणारी द्वारे जन्मानंतर सुमारे चोवीस तासांत मिटतात. म्हणून वजनाच्या एक-दशांश इतका चीक पहिल्या दिवशी, आणि त्यातला बराचसा पहिल्या काही तासांत, त्याच्या पोटात जावा असे पशुवैद्य सांगतात. याहून अधिक नैसर्गिक पूरक कोणत्याही पिशवीत भरता येणार नाही.

मनुस्मृतीने व्यालेल्या गाईचे दूध दहा दिवसांपर्यंत अभक्ष्य ठरविले आहे. याचे कारण अशौच मानावे की वासराचा हक्क, यावर वाद करता येईल. परिणाम एकच होतो, तो चीक वासराचा राहतो. आणि आपण, एरवी कांदा-लसणाच्या भक्ष्याभक्ष्यावर तास-तास घालविणारे लोक, वेलदोडा-केशर घातलेल्या खरवसाची वडी चातुर्मासातही नाकारीत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचा, वासराचे पोट भरून उरलेला चीक घेतला तर वासराचे फार बिघडत नाही, हे मला मान्य आहे; पण शहरात हलवायाच्या काउंटरवर बारमाही दिसणारा खरवस कोणत्या वासराच्या कोणत्या प्रहराचा आहे, हे विचारण्याची वहिवाट आपल्यात नाही. आश्विन वद्य द्वादशीला, वसुबारसेच्या सायंकाळी, सवत्स धेनूची पूजा करणाऱ्या आणि त्या दिवशी दूधदुभते वर्ज्य करणाऱ्या घरांनी तेवढा एक प्रश्न दूधवाल्याला विचारावयास हरकत नसावी: वासरू आईपाशी किती दिवस राहिले, आणि त्या दिवसांचे दूध वासराने प्याले तर त्याचे पैसे आम्ही सोसायचे की तुम्ही?